खाज ही सौम्य वेदना नव्हे : चेतासंस्थेत खाज कशी घडते

शरीरवेध

१६६० साली सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली : जी अप्रिय संवेदना खाजवण्याची इच्छा उत्पन्न करते ती खाज. साडेतीनशेहून अधिक वर्षे उलटली तरी त्वचारोगशास्त्रात हीच व्याख्या चालते, कारण तिने संवेदनेइतकेच तिच्यातून घडणाऱ्या कृतीलाही स्थान दिले आहे. चटका बसला की हात मागे येतो; खाज सुटली की हात त्या जागेकडे जातो. पिसू, गोचीड किंवा कपड्यात शिरलेले कुसळ यांच्यापासून पळून जाता येत नाही, त्यांना अंगावरून काढूनच टाकावे लागते, आणि म्हणून नखे त्या जागी नेणाऱ्या संवेदनेची शरीराला गरज आहे. ही संवेदना म्हणजे वेदनेचे सौम्य रूप नाही, हे दाखवणारे ठोस पुरावे मिळायला मात्र विसावे शतक संपत आले. त्या जुन्या समजुतीबरोबरच दुसरी एक समजूत आपल्या घरांत अजून पक्की आहे : खाज कोणतीही असो, ॲलर्जीची गोळी घ्यावी. अनेक प्रकारच्या खाजेवर ती गोळी निष्प्रभ का ठरते, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे आणि हा विषय वर्गात नेहमीच दोन ओळींत उरकला जातो, याची मला खंत वाटते.

खाज म्हणजे मंद वेदना, हे मत माक्स फोन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याला आधार नव्हता असे नाही. दोन्ही संवेदना त्वचेतील अत्यंत बारीक, आवरण नसलेल्या ‘सी’ तंतूंवरून येतात, आणि मज्जारज्जूच्या पुढच्या-बाजूच्या भागातील एकाच मार्गाने वर चढतात. असह्य वेदनेच्या रुग्णात तो मार्ग कापला तर वेदनेबरोबर खाजही जाते. तरीही काही गोष्टी या मतात बसत नव्हत्या. वेदना आतड्यात, सांध्यात, हाडातही होते, पण खाज केवळ त्वचेला आणि डोळे, नाक, घसा यांसारख्या लगतच्या अस्तरांना सुटते. खाज वाढत गेली तर ती तीव्र खाज होते, वेदना होत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मॉर्फिन : ते वेदना शमवते आणि खाज निर्माण करते. एखादी संवेदना दुसरीचेच सौम्य रूप असती, तर असे उलट वागणे तिला शक्य झाले नसते.

१९९७ साली जर्मनीतील एर्लांगन येथे मार्टिन श्मेल्त्स आणि सहकाऱ्यांनी जागृत स्वयंसेवकांच्या पायातील चेतेत अतिशय बारीक सुई बसवून एकेका तंतूचे विद्युत्संदेश नोंदवले. त्यांना असे काही ‘सी’ तंतू सापडले, जे दाबल्याने उद्दीपित होत नव्हते, परंतु त्वचेत हिस्टामिन (ॲलर्जीत शरीरात सुटणारे खाजकारी द्रव्य) सोडताच कार्यरत होत आणि स्वयंसेवक जितका वेळ खाज सांगत असे, साधारण तितकाच वेळ कार्यरत राहत. या तंतूंवरून संदेश सेकंदाला सुमारे अर्धा मीटर इतक्या मंद गतीने जातो. पावलाकडून निघालेला संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात, तर स्पर्शाचे जाड तंतू हेच अंतर काही शतांश सेकंदांत कापतात. डास पायावर बसल्याचे आधी कळते आणि खाज मागाहून येते, त्यात या मंदगतीचा वाटा लहान असला (मोठा वाटा हिस्टामिन सुटायला लागणाऱ्या वेळेचा), तरी तो आहे. शिवाय या एकेका तंतूच्या शाखा त्वचेत काही सेंटिमीटर पसरलेल्या असतात, म्हणून खाजेची जागा बोट ठेवून सांगणे कठीण जाते आणि आपण आजूबाजूलाही खाजवत राहतो.

आता मार्ग पाहू. डासाच्या लाळेमुळे त्वचेतील मास्ट पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) हिस्टामिन सोडतात. ते तंतूच्या टोकावरील ग्राहीला (विशिष्ट रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाला) बसते, आणि त्यातून टीआरपीव्ही-१ हे आयनांचे द्वार उघडते. मिरचीतील कॅप्सायसिनने उघडणारे द्वारही हेच आहे. संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोहोचतो, तेथील चेतापेशी तो पुढे देतात, आणि थॅलॅमस या मेंदूतील संदेशकेंद्रामार्गे तो मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) पसरतो. मेंदूच्या प्रतिमांत संवेदनेच्या क्षेत्रांबरोबर भावनेशी निगडित क्षेत्रे आणि हालचालीची आखणी करणारी क्षेत्रेही उद्दीपित झालेली दिसतात. हाफेनरेफरच्या व्याख्येतील ‘इच्छा’ ती हीच असावी, असे मला वाटते.

मज्जारज्जूतील टप्प्यावर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील झाऊफेंग चेन यांच्या गटाने मोठा प्रकाश टाकला. २००७ साली त्यांनी दाखवले की गॅस्ट्रिन-रिलीझिंग पेप्टाइड नावाच्या रेणूचा ग्राही नसलेले उंदीर खाज आणणाऱ्या द्रव्यांना कमी खाजवतात. २००९ साली त्यांनी तो ग्राही धारण करणाऱ्या पेशीच नष्ट केल्या, तेव्हा उंदरांचे खाजवणे बहुतांशी थांबले, परंतु उष्णता, दाब आणि वेदना यांना त्यांचा प्रतिसाद पूर्वीसारखाच राहिला. खाज ही मंद वेदना असती तर दोन्ही एकत्र कमी व्हायला हव्या होत्या.

रानवाटा

लेख अत्यंत आवडला. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर फिरणाऱ्यांना खाजकुयलीची ओळख करून द्यावी लागत नाही. वाळत आलेल्या शेंगांवरची तपकिरी लव वाऱ्याने उडून मानेवर आणि हातावर बसली की माणूस अक्षरशः सैरभैर होतो. आमच्या गटातील एकाला हा त्रास झाला तेव्हा त्याने सोबतची सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली, पण तिचा काही उपयोग झाला नाही. वाडीतील आजींनी अंगाला शेण चोळून ते वाळल्यावर काढायला लावले, तेव्हा बराच आराम पडला. माझे दोन प्रश्न आहेत. गोळी का चालली नाही? आणि डास चावल्यावर उठते तशी गांध येथे का उठत नाही?

शरीरवेध

रानवाटा, या विषयातील एका महत्त्वाच्या वनस्पतीचे नाव आपण घेतलेत. खाजेच्या संशोधनात हिस्टामिनखालोखाल वापरले गेलेले साधन म्हणजे खाजकुयलीची कुसे. १९५५ साली वॉल्टर शेली आणि आर्थर यांनी दाखवले की खाज केवळ कुसे टोचल्यामुळे येत नाही; कुसांत प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि खाज त्या विकराची असते. त्याला म्युक्युनेन असे नाव दिले गेले. कुसे खूप तापवली की विकर निकामी होते, आणि मग तीच कुसे टोचली तरी खाज जवळजवळ येत नाही. त्वचेच्या पेशींवर आणि चेतातंतूंवर असे काही ग्राही असतात, ज्यांचे एक टोक विकराने छाटले की ते चालू होतात. २००८ साली म्युक्युनेन त्यांपैकी दोन ग्राहींना चालू करते हे स्पष्ट झाले. म्हणजे या वाटेवर हिस्टामिन कोठेच येत नाही. सेट्रिझिन हिस्टामिनच्या ग्राहीला अडवते, म्हणून तिला येथे करण्यासारखे काही नसते.

गांधीचे उत्तरही यातच आहे. गांध आणि तिच्याभोवती पसरणारी लाली ही हिस्टामिनची खूण. हिस्टामिनला प्रतिसाद देणारे तंतू संदेश मज्जारज्जूकडे पाठवतात, त्याच वेळी स्वतःच्याच दुसऱ्या शाखांतून तो त्वचेकडे परत नेऊन रक्तवाहिन्या रुंदावणारी द्रव्ये सोडतात. लाली पसरते ती त्यामुळे. खाजकुयलीचा संदेश मुख्यतः वेगळ्या ‘सी’ तंतूंवरून जातो, ज्यांना उष्णता आणि टोचणेही कळते, आणि त्यांच्याकडून अशी विस्तीर्ण लाली येत नाही. आपल्या मित्राला खाजेबरोबर टोचल्यासारखी जळजळ जाणवली असेल, तर तीही याच तंतूंमुळे.

आजींचा उपाय मला पटतो. ओला थर कुसांना धरून ठेवतो आणि वाळून निघताना ती सोबत येतात. चिकटपट्टी लावून ओढल्यानेही हेच साधते, आणि जखमेत जंतू जाण्याचा धोका टळतो. हाताने चोळू मात्र नये, कारण त्याने कुसे आणखी आत जातात आणि पसरतात.

प्रश्नचिन्ह

मला येथे एक तार्किक अडचण दिसते. आपण म्हणता की खाजेला स्वतःची वाट आहे. परंतु हिस्टामिनने उघडणारे द्वार मिरचीनेही उघडते, आणि खाजकुयलीचा संदेश नेणारे तंतू उष्णताही जाणतात. मग ‘स्वतंत्र वाट’ राहिली कोठे? एकाच तारेवरून दोन संदेश येत असतील, तर मज्जारज्जूला फरक कसा कळतो?

शरीरवेध

हा आक्षेप योग्य आहे, आणि संशोधकांतही त्यावर दीर्घ वाद झाला आहे.

वेगळी वाट असल्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शिनझाँग डाँग यांच्या गटाकडून आला. मलेरियावरचे क्लोरोक्विन घेतल्यावर काहींना, विशेषतः आफ्रिकेतील अनेक रुग्णांना, अंगभर खाज सुटते आणि ती ॲलर्जीच्या गोळीने नीट शमत नाही. २००९ साली या गटाने उंदरांत क्लोरोक्विन ओळखणारा ग्राही शोधला. तो त्वचेकडे जाणाऱ्या मोजक्याच चेतापेशींवर असतो. २०१३ साली त्यांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या शरीरात मिरचीने उघडणारे द्वार केवळ याच पेशींवर होते, इतरत्र कोठेही नव्हते. येथे एक गोष्ट सांगायला हवी : उंदराच्या गालात वेदना देणारे द्रव्य टोचले तर तो पुढच्या पंजाने गाल पुसतो, खाज आणणारे टोचले तर मागच्या पायाने खाजवतो, त्यामुळे त्याला काय जाणवते आहे हे पाहणाऱ्याला ओळखता येते. या उंदरांना कॅप्सायसिन टोचल्यावर ते मागच्या पायाने खाजवू लागले. द्रव्य वेदनेचे, द्वारही वेदनेचे, पण पेशी खाजेची असल्यामुळे संवेदना खाजेची झाली. मला हा प्रयोग शिकवताना नेहमी भरून येत असे, कारण इतक्या जुन्या वादाला इतके सरळ उत्तर क्वचित मिळते.

पण आपली शंका यामुळे पूर्णपणे मिटत नाही. या पेशी खाजेच्या असल्या तरी मिरचीसारख्या वेदनादायक गोष्टींनी त्याही उद्दीपित होतात. मग ठेचा कुटल्यावर हातांची आग होते, खाज का सुटत नाही? याचे उत्तर मज्जारज्जूत आहे. त्वचेच्या मोठ्या भागातील वेदनेचे तंतू एकदम कार्यरत झाले की ते मज्जारज्जूतील निरोधक चेतापेशींना जागे करतात, आणि त्या खाजेचा संदेश पुढे जाऊ देत नाहीत. २०१० साली सारा रॉस आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यात अशा काही निरोधक पेशी तयारच होत नाहीत असे उंदीर अभ्यासले. ते स्वतःला जखमा होईपर्यंत खाजवत राहतात. त्यांच्या त्वचेत मूळ बिघाड नव्हता, बिघाड निरोधात होता. दुसऱ्या बाजूने, निकामी केलेल्या खाजकुयलीच्या एकाच कुसावर कॅप्सायसिन लावून ते त्वचेच्या अगदी वरच्या थरात टोचले, तर माणसाला चक्क खाजही जाणवते, कारण इतक्या थोड्या तंतूंच्या उद्दीपनाने निरोध पुरेसा जागा होत नाही. म्हणून मी असे मानते की वाट स्वतंत्र आहे, परंतु तिचे दार वेदनेच्या ताब्यात आहे. खाजवल्याने बरे वाटते तेही याच कारणाने : नखे हलकी वेदना निर्माण करतात आणि दार लोटले जाते. २००९ साली माकडांच्या मज्जारज्जूतील नोंदींत दिसले की हिस्टामिनने उद्दीपित झालेल्या चेतापेशी त्वचा खाजवताच शांत होतात. त्याच पेशी वेदनेने उद्दीपित असताना मात्र खाजवण्याने शांत होत नाहीत.

सेवाव्रती

मी प्रसूतिगृहात परिचारिका आहे. सिझेरियनसाठी कण्यातून मॉर्फिन दिलेल्या अनेक माता काही तासांनी नाक आणि चेहरा चोळू लागतात. अंगावर पुरळ नसते. नातेवाइकांना वाटते की औषधाची ॲलर्जी झाली, आणि त्यांची समजूत घालताना आमची दमछाक होते. मूळ लेखात मॉर्फिनचा उल्लेख आला आहे, तो कृपया विस्ताराने सांगावा.

शरीरवेध

सेवाव्रतीताई, ती ॲलर्जी नसते, हे आपण नातेवाइकांना निःशंकपणे सांगू शकता. मॉर्फिन शिरेतून दिले तर ते मास्ट पेशींतून थोडे हिस्टामिन सोडवू शकते, पण कण्यातून दिलेल्या अल्प मात्रेची खाज मज्जारज्जूतच तयार होते. मॉर्फिन ज्या ‘म्यू’ ग्राहींवर काम करते, ते खाज रोखणाऱ्या निरोधक पेशींवरही असतात. त्या पेशी मॉर्फिनने मंदावल्या की दाबलेला संदेश मोकळा होतो. उंदरांत याचे प्रबळ पुरावे २०२१ साली पुढे आले. म्हणून येथे ॲलर्जीच्या औषधाने गुंगीपलीकडे फारसे काही साधत नाही, आणि म्यू ग्राही अडवणाऱ्या नॅलॉक्सोनसारख्या औषधाची अगदी लहान मात्रा उपयोगी पडते.

शरीरात ‘कॅपा’ नावाचे ओपिऑइड (मॉर्फिनवर्गीय द्रव्यांचे) ग्राहीही आहेत आणि त्यांचे काम नेमके उलट आहे : ते उद्दीपित झाले की खाज कमी होते. या ज्ञानातून जपानमध्ये २००९ साली नॅलफ्युराफिन आणि अमेरिकेत २०२१ साली डायफेलिकेफॅलिन ही औषधे डायलिसिसवरील रुग्णांच्या खाजेसाठी मान्य झाली.

अवंती_नाशिक

शेवटचे वाक्य वाचून लिहायला बसले. माझे वडील डायलिसिसवर आहेत. त्यांच्या त्वचेवर काहीही दिसत नाही, पण रात्रभर ते पाठ आणि दंड खाजवत असतात. आम्ही एका रुग्णालयात विचारले, तेव्हा खाज ही किरकोळ बाब आहे, असे सांगून ॲलर्जीची गोळी देण्यात आली. वडील आता झोपेला घाबरतात. यावर काहीच करता येत नाही का?

शरीरवेध

अवंती, ही किरकोळ बाब अजिबात नाही. डायलिसिसवरील रुग्णांत ही खाज सर्वज्ञात आहे. तिच्यामुळे झोप आणि मनःस्वास्थ्य दोन्ही ढासळतात. तिचे एकच कारण नाही. त्वचा कोरडी पडते, रक्तातील द्रव्यांचे संतुलन बिघडते, चेतातंतू स्वतःच बिघडतात आणि ओपिऑइड ग्राहींचा समतोल म्यूच्या बाजूला झुकतो, असे मानले जाते. वडिलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना तीन गोष्टी स्पष्टपणे विचारा : डायलिसिस पुरेसे होते आहे का, फॉस्फरस आटोक्यात आहे का, आणि गॅबापेन्टिन देता येईल का. गॅबापेन्टिन हे चेतासंस्थेवर काम करणारे औषध या खाजेत उपयोगी ठरते, परंतु ते मूत्रपिंडातूनच बाहेर जाते, म्हणून या रुग्णांत ते फार लहान मात्रेत, बहुधा डायलिसिसनंतर, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिले जाते. घरी दिवसातून दोनदा, विशेषतः आंघोळीनंतर लगेच, साधे बिनवासाचे मलम सर्वांगाला लावा. रात्री त्वचेचे तापमान वाढते, सूज आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी असते आणि लक्ष दुसरीकडे नसते, म्हणून खाज रात्री वाढते. खोली थंड आणि पांघरूण हलके ठेवल्याने थोडा फरक पडतो.

सेवाव्रती

पुरळ नसलेल्या खाजेविषयी माझ्या कामातून एक गोष्ट जोडते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात आणि तळपाय यांना खाज येऊन रात्री ती वाढत असेल, तर यकृताची आणि पित्तक्षारांची तपासणी त्वरित करून घ्यावी. पोटावरची त्वचा ताणल्याने येणारी खाज वेगळी आणि ही वेगळी. या विकारात बाळाला धोका असू शकतो, म्हणून घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

पालवी

माझ्या मुलाला लहानपणापासून इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत तो रक्त येईपर्यंत खाजवतो. त्याला ‘खाजवू नकोस’ असे सांगण्यात आमचे घर दिवस काढते. वरच्या चर्चेवरून खाजवल्याने खाज थांबते असे दिसते. मग त्याचे खाजवणे संपत का नाही?

शरीरवेध

पालवी, खाजवण्याचा आराम काही क्षणांचा असतो आणि त्याची परतफेड मोठी असते. नखांमुळे वेदना होते, ती शमवण्यासाठी मेंदूकडून मज्जारज्जूत सेरोटोनिन हे संदेशवाहक द्रव्य सोडले जाते, आणि २०१४ साली उंदरांत दिसले की तेच सेरोटोनिन खाजेच्या पेशींना अधिक संवेदनशील करते. त्वचेतही तसेच घडते. २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात खाजवण्यामुळे वेदनेच्या तंतूंतून सबस्टन्स-पी हे द्रव्य सुटते आणि मास्ट पेशींना चेतवून सूज वाढवते, हे दाखवले गेले. त्याच अभ्यासात खाजवल्याने त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस जंतू घटल्याचेही आढळले, म्हणजे थोडे खाजवणे शरीराच्या हिताचेही असू शकते. पण आपल्या मुलाच्या बाबतीत ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे.

इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते. त्वचेचे आवरण कमजोर असते, प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-४, १३ आणि ३१ सोडतात, आणि हे रेणू थेट चेतातंतूंवर काम करतात. २०१७ साली असे दिसले की इंटरल्युकिन-४ तंतूंना इतर खाजकारी द्रव्यांबद्दल अधिक हळवे करते. ४ आणि १३ यांचा संदेश अडवणारे ड्युपिलुमॅब हे औषध त्याच वर्षी अमेरिकेत मान्य झाले. ते महाग आहे, आणि प्रत्येकाला त्याची गरज नसते; आवरण सुधारणारी मलमे आणि डॉक्टरांनी नेमून दिलेले, नेमक्या मुदतीचे स्टेरॉइड मलम यांनी बहुतेक मुले सुधारतात. दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम मात्र लावू नये : खाज गजकर्णाची असेल तर ते ती काही दिवस दाबते आणि बुरशी पसरू देते.

त्याला ‘खाजवू नकोस’ म्हणण्याऐवजी त्या जागेवर गार ओला कपडा ठेवायला सांगा, किंवा तळहाताने दाबायला सांगा. थंडाव्यानेही मज्जारज्जूतील निरोध जागा होतो, आणि त्वचा फाटत नाही.

प्रश्नचिन्ह

माझ्या आक्षेपाला सविस्तर उत्तर मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. हा धागा वाचताना मी सतत मान आणि डोके खाजवत होतो, हेही नोंदवतो. येथे त्वचेवर हिस्टामिन नाही, विकर नाही, काहीच नाही. मग खाज येते कोठून?

शरीरवेध

हे केवळ आपल्या बाबतीत घडलेले नाही. जर्मनीत संशोधकांनी खाजेवर एक जाहीर व्याख्यान ठेवून श्रोत्यांचे चित्रण केले. पिसवा, गोचीड आणि खाजवणारी माणसे पडद्यावर असताना श्रोते जास्त खाजवत होते, आणि मऊ त्वचेची, स्नानाची चित्रे दाखवल्यावर ते प्रमाण घटले. २०१२ साली मेंदूच्या प्रतिमांत दिसले की दुसऱ्याला खाजवताना पाहिल्याने खाजेशी निगडित बरीचशी क्षेत्रे पाहणाऱ्याच्या मेंदूतही उद्दीपित होतात. त्वचेकडून सतत येणारे क्षुल्लक संदेश एरवी मेंदू बाजूला सारतो. खाजेची अपेक्षा निर्माण झाली की त्यांनाच तो खाज म्हणून वाचतो, असे माझे मत आहे.

उलट दिशेनेही हे साधते. २०१३ साली ल्यूबेक येथील प्रयोगात स्वयंसेवकांच्या एका हाताला हिस्टामिनने खाज आणली आणि आरशाच्या साहाय्याने त्यांना असे भासवले की खाज आलेलाच हात खाजवला जात आहे, प्रत्यक्षात मात्र दुसरा, निरोगी हात खाजवला जात होता. तरीही खाज थोडी कमी झाली. पालवी, दुसऱ्या हाताची तीच जागा निरोगी असेल, तर इसबाच्या जखमी जागेऐवजी ती आरशासमोर हलकेच खाजवण्याचा उपाय आपल्या मुलाला करून पाहता येईल; गार कपड्याबरोबर तो सहज करता येतो.